हसलं तरच पास

'नंबर वाढलाय' या बँडचा नियम एकच होता, आणि तो इतका आडमुठा होता की शहाण्या माणसाने ऐकला तर कानाला खडा लावून निघून जावं. नियम असा: गाणं रेकॉर्ड होत असताना चौघांपैकी कुणाला तरी खरोखरचं हसू फुटलं पाहिजे. फुटलं तर गाणं पास. नाही फुटलं तर गाणं मेलं. पुन्हा म्हणायचं नाही, शब्द बदलायचे नाहीत, 'पण चाल चांगली होती हो' म्हणून गळे काढायचे नाहीत. आणि हसू खरं निघावं म्हणून शब्द आधी कुणाला दाखवायचे नाहीत. चाल शिकवायची ती ला-ला-ला करून. शब्द कानावर पडायचे ते थेट रेकॉर्डिंग चालू असताना, हातात वाद्य धरलेलं असताना.

पोटापाण्यासाठी गाणारी माणसं असला नियम करतील का? वेड लागलंय का त्यांना! पण या चौघांची पोटं दुसरीकडे भरत होती, म्हणून ही थेरं परवडत होती.

गाणी लिहायचा आणि गायचा तो क्लच. ड्रायव्हिंग शिकवायचा. दिवसभर 'क्लच दाब! अगं क्लच! अहो आजोबा, तो ब्रेक, क्लच तिकडे!' असं ओरडून ओरडून त्याचं खरं नाव लोक विसरले होते. की-बोर्ड वाजवायचा आणि कॉम्प्युटर सांभाळायचा तो त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. क्लच त्याला मेव्हणा म्हणायचा, मग बाकीचेही म्हणायला लागले, शेवटी दुकानात येणारी गिऱ्हाइकंसुद्धा 'मेव्हणे आहेत का?' असं विचारायला लागली. राग धरणं त्याने केव्हाच सोडलं होतं. ड्रम बडवायची ती ताई. बेकरीची मालकीण, कणीक मळून मळून मनगटं अशी झालेली की कधी कधी काठी मोडायची, ड्रम नाही. आणि गिटारवर ढेकूण. तो घरोघरी जाऊन कीटकनाशक फवारायचा, म्हणून ढेकूण. त्याचं त्याला काही वाटत नसे. उलट फोन उचलला की स्वतःच म्हणायचा, "ढेकूण बोलतोय, कुठे झाले?"

जागा म्हणजे मेव्हण्याच्या दुकानाखालचं तळघर. एका भिंतीला चष्म्यांच्या रिकाम्या डब्यांची चळत, दुसऱ्या भिंतीवर नजर तपासायचा जुना तक्ता. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून उरलेल्या भिंतींवर ताईच्या बेकरीतले अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले. मधोमध डोळे तपासायची जुनी खुर्ची, दांडा दाबला की वर-खाली होणारी, आणि तिच्यावर क्लच राजासारखा. डोक्यावरून एक पाइप जायचा. वर कुणी नळ सोडला की तो गुरगुरायचा, आणि दोन-चार गाण्यांत तर तो मेव्हण्यापेक्षा बरा सुरात गुरगुरला होता.

त्यांची गाणी इंटरनेटवर जायची. ऐकायचे कोण? नातेवाईक, नातेवाइकांनी बळजबरी केलेले लोक, आणि कुठली कुठली अनोळखी माणसं, जी खाली लिहायची, 'हे काय आहे? पण अजून टाका.' झुरळाने फवाऱ्यापुढे केलेलं भाषण, डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणाऱ्या माणसाची आरोळी, उजवा इंडिकेटर लावून डावीकडे वळणाऱ्या बाईंचं प्रेमगीत, ही सगळी पास झालेली गाणी. आणि जवळपास सगळी क्लचची. बाकीच्यांनी लिहून पाहिलं नाही असं नाही. ढेकणाने एकदा घरमालकावर गाणं लिहिलं होतं. ते संपल्यावर तळघरात इतकी शांतता पसरली की ढेकूण स्वतःच म्हणाला, "पुरून टाका."

क्लचला मात्र स्वतःबद्दल शंका अशी कधी आलीच नाही. "मी तोंड उघडायचा अवकाश," तो म्हणायचा, "शब्द आत रांग लावून उभे असतात." फुशारकी होती, पण खोटी नव्हती, म्हणून सगळे ऐकून घ्यायचे.

तर अशा माणसाचा गळा बसला. आधी वाटलं सर्दी. मग वाटलं ओरडण्याने. गुळण्या झाल्या, वाफा झाल्या, बायकोने मिरी चघळायला लावली. आवाज काही जागेवर येईना. शेवटी बायको त्याला ओढून घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी नळी घालून आत पाहिलं आणि म्हणाल्या, स्वरतंतूवर गाठ आहे. घाबरायचं कारण नाही, जिवाला धोका नाही, पण काढावी लागेल.

"काढा की मग," क्लच म्हणाला. "आवाज कधी येईल?"

"बोलण्यापुरता येईल. थोडा घोगरा, पण येईल."

"आणि गाण्यापुरता?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "खोटं सांगत नाही. गाठ वाईट जागी आहे. वरचे सूर बहुतेक परत येणार नाहीत. तुम्ही गाता का?"

"गातो म्हणजे काय!"

"काय गाता?"

"झुरळांवर," क्लच म्हणाला.

बाईंनी त्याच्या बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली, म्हणजे हे खरं आहे.

"ऑपरेशनपर्यंत गळ्याला विश्रांती द्यायची," बाई म्हणाल्या. "ओरडणं पूर्ण बंद."

"बाई, मी ड्रायव्हिंग शिकवतो."

"मग लोकांना हळू चालवायला शिकवा."

जाता जाता दारात थांबून क्लचने विचारलं, ऑपरेशनआधी एक गाणं म्हटलं तर चालेल का? एकच? बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. एकच, त्या म्हणाल्या, आणि तेही नरडं फाटेस्तोवर नाही.

झालं. क्लचने दुसऱ्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावलं. गाडीत ओरडण्याऐवजी डॅशबोर्डवर थापा मारायला लागला. एक थाप म्हणजे क्लच, दोन म्हणजे ब्रेक, आणि धडाधड थापा म्हणजे अरे देवा. आणि गंमत म्हणजे लोक चांगली गाडी चालवायला लागले! एका आजोबांनी तर पहिल्याच प्रयत्नात गाडी दोन गाड्यांच्या मध्ये सरळ लावली आणि म्हणाले, "तुम्ही गप्प असता तेव्हा समजतं हो सगळं." क्लचला त्यांचा गळा धरावासा वाटला. स्वतःचा तर धरता येत नव्हता.

पण एकदा शेवटचा शिकाऊ उतरून गेल्यावर तो गाडीत एकटाच बसला, काचा वर केल्या आणि एक वरचा सूर लावून पाहिला. तोंड उघडलं होतं, पोटातून जोर लावला होता, आणि बाहेर आली नुसती हवा. मग तीही थांबली. गाडीत शांतता. क्लच घाबरला. जन्मभर बडबड केलेल्या माणसाला आपल्या तोंडातून शांतता बाहेर पडलेली ऐकवत नाही. गाता गाता कधीतरी मध्येच असं होणार आणि पुढे काहीच नसणार, हा विचार त्यानंतर त्याच्या मानगुटीवर बसला तो बसलाच.

त्यावर त्याचा उपाय एकच: गाणं. ऑपरेशनच्या आधी शेवटचं, गळ्यातल्या गाठीवरचंच, आणि असं की तळघरात माणसं गडाबडा लोळली पाहिजेत. या आवाजातलं शेवटचं गाणं पास होऊन जायला हवं होतं, बस्स. म्हणून बँडला त्याने खरं सांगितलं नाही. "गळ्याची थोडी साफसफाई आहे," एवढंच सांगितलं. दया आली की हसू जातं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"तू त्यांना सांगितलं नाहीस?" बायकोने विचारलं.

"नाही. आणि तूही सांगायचं नाहीस."

"बरं," ती म्हणाली. हे 'बरं' कसलं होतं ते कुठल्याही नवऱ्याला ऐकताक्षणी कळायला हवं होतं. क्लचला कळलं नाही.

ऑपरेशन सोमवारी होतं. रविवारी दुपारी क्लच तळघरात उतरला तेव्हा त्याला सगळंच जरा जास्त वाटलं. मेव्हण्याने तळघर झाडून काढलं होतं. हे आजवर कधी झालं नव्हतं. ताईने केक आणला होता, आणि तोही फुटलेला किंवा करपलेला नव्हे, विकायचा केक! आणि ढेकणाने त्याला मिठी मारली. सोडेचना. "अरे, नावाला जागलास की," क्लच कुजबुजला, "सुट आता."

क्लचला वाटलं, शेवटी यांना आपली किंमत कळली. आत्मविश्वास असलेल्या माणसाची हीच अडचण असते. समोर धूर दिसला तर त्याला वाटतं आपल्यासाठी धूप लावलाय.

चाल आधीच बसवली होती. क्लच खुर्चीत चढून बसला, दांडा दाबून मायक्रोफोनपर्यंत उंच झाला, गरम पाण्याचा घोट घेतला. मेव्हण्याने कॉम्प्युटरवर बोट ठेवलं आणि मान डोलावली. ताईने काठ्या वाजवून ठेका दिला. गिटार सुरू झाली, की-बोर्ड सुरू झाला, आणि क्लचने पहिली ओळ उचलली.

"गळ्यात येऊन बसलाय एक आगाऊ पाहुणा..."

"हा हा हा हा!" ढेकूण हसला.

क्लचने डोळे फिरवले. पहिल्याच ओळीला? अजून विनोद यायचा होता. पण हसला तर हसला. तो पुढे गेला.

"चहा संपला, बिस्किटं संपली, तरी उठून..."

"हा हा हा हा!"

"...जाईना! डॉक्टर म्हणती..."

"हा हा! हा हा! हा हा!"

आता ताईसुद्धा ड्रम वाजवता वाजवता हसायला लागली, आणि ते हसणं असं होतं जसं पाहुण्यांनी आणलेली साडी न आवडल्यावर बाई हसते. ढेकूण तर ठेक्यावर हसत होता. एकेका ठेक्याला एक हा. चेहरा घामाने डबडबलेला, डोळे मेव्हण्याच्या पायाकडे लागलेले, आणि हा, हा, हा, हा. मेव्हणा की-बोर्डमागून त्याला डोळ्यांनी 'नाही, नाही' करत होता, आणि पाय मात्र नेहमीसारखा ठेक्यावर आपटत होता.

क्लच थांबला. वाद्यं एकेक करून थांबली. ढेकूण सगळ्यात शेवटी थांबला.

"काय चाललंय?" क्लच म्हणाला.

ढेकणाने मेव्हण्याकडे पाहिलं, मेव्हण्याने ताईकडे.

"ताई. काय चाललंय?"

ताईने काठ्या मांडीवर ठेवल्या. "या शहाण्याला सांगितलं होतं मी," ती मेव्हण्याकडे हात करून म्हणाली, "खूण दुसरी ठेव म्हणून! पाय आपटला की हसायचं म्हणे! अरे, तुझा पाय जन्मात कधी आपटायचा थांबलाय का?"

"कसली खूण?"

"हसायची," ढेकूण खाली बघत म्हणाला. "मेव्हणा पाय आपटणार, आम्ही हसणार. मला काय माहीत तो सारखाच आपटतो. मी कधी त्याच्या पायाकडे बघत नाही."

"मला तरी कुठे माहीत होतं?" मेव्हणा म्हणाला. "पाय आपोआप हलतो!"

क्लचला समजायला एक क्षण लागला, आणि समजलं तेव्हा तो असा भडकला की खुर्चीचा दांडा दाबायचं विसरून तसाच वरून खाली उडी मारून उतरला. "खोटं हसलात? माझ्या गाण्याला खोटं हसलात? अरे, नियम कुणी केला होता? आपणच ना? मला एक गाणं मिळालं होतं! एकच! आता अर्धे शब्द ऐकलेत तुम्ही, ते मेलं! मारलंत तुम्ही ते! कशासाठी? का?"

त्या शेवटच्या 'का'ला आवाज चिरकला आणि दाराच्या बिजागरीसारखा किर्र करून वर गेला. एरवी अशा आवाजावर तिघांनी जमिनीवर लोळण घेतली असती. आज कुणी ओठसुद्धा हलवला नाही.

"कशासाठी म्हणजे?" ताईच उठली, आणि तिचा आवाज कापत होता. "रडू येईल म्हणून! आम्हाला सगळं माहीत आहे. वरचे सूर येणार नाहीत, गाणं बंद होणार, सगळं. वहिनीने याला सांगितलं, याने आम्हाला सांगितलं. आणि तू म्हणे साफसफाई! गळा आहे की गटार? तू गाणार, आम्ही रडणार, कुणी हसणार नाही, मग तुझं शेवटचं गाणं आमच्यामुळे मरणार. मग काय करायचं आम्ही? सांग ना! हसायची प्रॅक्टिस केली आम्ही!"

"प्रॅक्टिस?"

"बेकरीत. भट्टीपुढे उभं राहून." ताईने नाक पुसलं. "हा मेव्हणा मास्तर झाला. म्हणे, पोटातून हसा. म्हणे, ढेकणा, तुझं हसणं शिंकेसारखं येतंय. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. आम्ही तिघं रांगेत उभे, एकमेकांकडे न बघता हा हा हा करतोय. तो बिचारा पाव न घेताच पळाला. अजून फिरकला नाहीये."

"ओळखीचा होता," ढेकूण म्हणाला. "त्याच्याकडे मुंग्या झाल्यात. आता मलाही बोलवत नाही."

पाइप गुरगुरला आणि थांबला. क्लच उभाच होता. राग अजून होताच. पण त्याला एकाएकी ते तिघं दिसले: पिठाने माखलेल्या बेकरीत, भट्टीसमोर ओळीने उभे, रडवेल्या तोंडांनी हसायची प्रॅक्टिस करणारे. आपल्यासाठी. इतकी मूर्ख माणसं आपल्यावर इतकं प्रेम करतात, या विचाराने त्याचा गळा भरून आला, आणि गाठीचं दुखणं वेगळं आणि हे वेगळं, एवढं त्याला बरोबर कळलं. आणि त्याच क्षणी डोक्यात एक ओळ येऊन उभी राहिली. तिच्या मागे दुसरी.

तो पुन्हा खुर्चीवर चढून बसला. "रेकॉर्डिंग लाव."

"कसलं?" मेव्हण्याने विचारलं.

"लाव म्हटलं ना, मेव्हण्या."

"अरे, पण डॉक्टरीणबाईंनी एकच गाणं..."

"अर्धं गायलोय. अर्धं शिल्लक आहे माझं."

"आणि शब्द?"

"मलाही माहीत नाहीत," क्लच म्हणाला. "आज कुणालाच माहीत नाहीत. चाल तीच. ताई, ठेका दे. आणि कुणी मुद्दाम हसलं तर मायक्रोफोन फेकून मारेन."

ताईने ठेका दिला. क्लचने डोळे मिटले नाहीत, उलट तिघांकडे रोखून पाहिलं, आणि तोंड उघडलं.

"बेकरीमध्ये भट्टीपाशी शिजला मोठा कट,
पाय आपटला की हसायचं, ठरली होती अट!"

मेव्हण्याचा पाय जागच्या जागी थांबला. ठेका चुकला. त्याने घाबरून पुन्हा पाय सुरू केला.

"मेव्हण्याचा पाय काही एका जागी ठरेना,
ढेकणाचं हसू पाहा, सुरू झालं, सरेना!"

ढेकणाने ओठ दाताखाली दाबले. नाकातून काहीतरी सुटलं, पण त्याने ते गिळलं. मायक्रोफोनची धमकी त्याने मनावर घेतली होती. क्लचला आता जोर चढला. शब्द खरोखरच रांग लावून उभे होते, धक्काबुक्की करत होते.

"गिऱ्हाईक म्हणे, राहू दे तो पाव तुमचा, निघतो,
खाऊन जर हे असं होतं, उपाशीच मी जगतो!"

ताई फुटली. हसू असं आलं की आधी आवाजच निघाला नाही, नुसते खांदे हलले, आणि मग एकदम मोठ्याने, घशाच्या तळातून, भट्टीचं दार उघडावं तसं. तिची एक काठी उडून चष्म्यांच्या डब्यांवर पडली. चळत कोसळली. ती उरलेल्या एका काठीने वाजवत राहिली आणि हसत राहिली. तिच्यामागे मेव्हणा, आणि मग ढेकूण, आणि ढेकणाचं खरं हसणं खरोखरच शिंकेसारखं होतं, प्रॅक्टिसने त्यात काहीही फरक पडलेला नव्हता. गाणं पास झालं होतं. इथे थांबला असता तरी चाललं असतं.

पण थांबेल तो क्लच कसला! त्याने वरची पट्टी धरली. "हसा लेको, हसाऽऽ" म्हणत तो वर चढला आणि जिथे सूर लागायला हवा होता तिथे आवाज चिरकला. किर्र. एखाद्याने मान खाली घातली असती. क्लचने भुवया उंचावून मायक्रोफोनकडे असं पाहिलं जणू हे त्याने महिनाभर घोटलं होतं, आणि मुद्दाम पुन्हा तिथेच चढला. किर्र! ढेकणाने गिटारच्या वरच्या तारेवर हुबेहूब तसाच किर्र काढला. क्लचने उत्तर दिलं, गिटारने प्रत्युत्तर दिलं, दोघांचं भांडण जुंपलं. ताई स्टुलावरून घसरून खाली बसली आणि जमिनीवर हाताने ठेका देऊ लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यातलं हसण्याचं किती आणि दुसरं किती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

शेवटचं कडवं आलं. आवाज तळाला गेला होता, हे क्लचला जाणवत होतं. प्रत्येक शब्द उचलून बाहेर ठेवावा लागत होता. तरी तो गात राहिला.

"आवाज गेला तर जाऊ दे, मी आहे मोठा चिवट,
दोस्त मात्र असे मिळाले, एकजात..."

आणि आवाज संपला.

चिरकला नाही, घोगरा झाला नाही. संपला. तोंड उघडं, छातीत श्वास, ओळ अर्धी, आणि ती शांतता आता येणारच होती.

"हलकट!" ढेकणाने गायलं.

"बळकट!" जमिनीवरून ताईने गायलं.

"फुकट!" मेव्हण्याने गायलं, त्याला जमेल त्या सुरात.

तिन्ही शब्द एकाच ठेक्यावर, एकमेकांच्या अंगावर पडले. क्षणभर तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग तळघरात जे हसणं झालं ते त्या अंड्यांच्या पुठ्ठ्यांना आवरलं नाही. वर दुकानात चष्मा बघायला आलेलं कुणीतरी 'अहो, खाली काय झालं?' असं विचारत होतं.

बऱ्याच वेळाने ताई उठली, डोळे पुसले आणि क्लचसमोर येऊन उभी राहिली. "पण तुझा शब्द कोणता होता रे? आमच्यातला बरोबर कुणाचा?"

क्लचने तोंड उघडलं, काही आलं नाही. त्याने खांदे उडवले. खरं तर त्याच्याकडे शब्दच नव्हता. तोंड उघडल्यावर येईल या नेहमीच्या भरवशावर त्याने ओळ सोडून दिली होती. त्याने बोटाने ढेकूण दाखवला, मग मेव्हणा, मग ताई. आणि मग तो रडला. खुर्चीवर उंच बसून, सगळ्यांसमोर, मुळीच न लाजता रडला. ताईने त्याचं डोकं पोटाशी धरलं. त्याच्या केसांना पीठ लागलं.

"लावू का?" मेव्हण्याने हळूच विचारलं आणि रेकॉर्डिंग सुरुवातीपासून लावलं.

चौघं ऐकत बसले. ठेका, पाय, पहिली ओळ, ताईचं फुटणं, डब्यांचा खडखडाट, गिटारचं भांडण. शेवटचं कडवं जवळ आलं तसं क्लचने खुर्चीचे हात घट्ट धरले. आता ती जागा येणार होती. 'एकजात...' आणि लगेच तिघांचे तीन शब्द. मध्ये काहीच नव्हतं. एक श्वाससुद्धा नव्हता. गाडीत काचा वर करून ऐकलेली ती शांतता, जिच्या भीतीने त्याला इतके दिवस पोखरलं होतं, ती इथे यायला हवी होती. पण त्या तिघांनी तिला आत यायला जागाच ठेवली नव्हती.

गाणं संपलं. क्लचने हात वर केला आणि बोट हवेत गोल फिरवलं. मेव्हण्याने तेवढीच जागा पुन्हा लावली.